बसून घेतलेलं माप

गजू, आज दुपारी सव्वातीनला लाईन आली आणि तू बोललास.

मी ब्लाउजला हुक लावत बसले होते. आधी बाहेर विहिरीवरची मोटर सुरू झाली, मग डोक्यावरचा पंखा, मग पलीकडच्या भिंतीशी तुझ्या संगणकाचे दिवे लागले आणि दोन-तीन मिनिटांनी तुझा आवाज आला, "चाल, बस." सुई बोटात गेली. एकोणीस दिवस झाले. रोज लाईन जाते, रोज येते, आणि मला पक्कं ठाऊक असतं की आता तू बोलणार. तरी सुई बोटात जायची काही चुकत नाही.

आज मी तुझं एक मोडून ठेवलं होतं. कसं मोडलं आणि मग काय केलं, ते तुलाच सांगायला पाहिजे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. मामा तर म्हणालाच आहे.

मामा उद्या सकाळी येणार आहे. तेराव्याला पंगत उठल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मेलेल्या मानसाचा आवाज घरात बरा नाही. मी येतो, वायरी काढतो, पोत्यात भरतो, विषय संपला." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं रे, खोटं कशाला बोलू. आई पत्रावळी उचलत राहिली. पण आई काय करते ते सांगते तुला. पूर्वी लाईन गेली की ती ओट्यावर वाऱ्याला जाऊन बसायची. आता लाईन गेली की ती बाहेरून आत येते आणि तुझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसते. लाईन यायची वाट पाहते.

हे सगळं तुझ्या त्या ऑटोमुळे. लाईन यायचा नेम नसतो, म्हणून जो तो वावरातल्या स्टार्टरला ऑटो लावतो. माणूस नसला तरी लाईन आली की मोटर आपली आपण सुरू होते आणि वांग्यांना पाणी जातं. तू संगणकालाही तेच करून ठेवलंस. "लाईन आली की माह्यं जहाज तयार पाह्यजे," म्हणालास. मी म्हटलं, "वांग्याइले पानी लागते, तुह्या जहाजाले काय लागते?" तर म्हणे, "मानूस लागते."

तुझ्या त्या अंतराळयानाच्या खेळात मुळात जहाजाला एका बाईचा आवाज होता. इंग्रजीत बोलायची, दवाखान्यात नंबर पुकारतात तसा थंड आवाज. तू आठ दिवस सहन केलंस. मग म्हणालास, "हे बाई मले ओयखत नाही," आणि माझ्या कापडाच्या कपाटात डोकं घालून, वरून गोधडी ओढून, सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरलीस. म्हणे कपाटात आवाज घुमत नाही. मी बाहेर हसून हसून लोळायची बाकी होते. "डावीकून दगड येऊन राह्यला." "तेल संपत आलं, घराकडं वळ." "उतरून राह्यलो, आईले सांग." इंजिन सुरू झालं की "आता कसं!" आणि जहाज तयार होऊन कोणी बसायची वाट पाहत असलं की "चाल, बस." कोणी बसून हिरवं बटण दाबेपर्यंत दर दहा मिनिटांनी तेच. ही दहा मिनिटांची करामत तू माझ्यासाठी केली होतीस, हे मला माहीत होतं. मी मशीनवरून मान वर करायची नाही आणि तू शेजारून म्हणायचास, "ताई, तुलेच म्हनून राह्यलं वं ते."

आता दर दहा मिनिटांनी ते म्हणतं आणि मशीनवरून मान वर करायला मला भीती वाटते.

खरं तर ती सगळी खोली तुझीच होती. मी सासर सोडून परत आले तेव्हा तू नागपूरच्या त्या गेमच्या दुकानात होतास. दुकान बंद पडलं, तू संगणक आणि तो डोळ्यांवर बांधायचा हेडसेट घेऊन घरी आलास आणि पाहिलं तर तुझ्या खोलीत माझी मशीन. मला वाटलं आता भांडण. तू टेप घेतलास, खोलीचा बरोबर मध्य काढलास, खडूने रेघ मारलीस आणि म्हणालास, "इकडं तुह्यं, इकडं माह्यं." दुसऱ्या दिवशी ती रेघ तूच पुसलीस, कारण माझं कापायचं टेबल तुझ्या बाजूला हातभर येत होतं. त्या दिवशी मी तुला काही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "खडू माह्या डब्यात ठेव."

सकाळी बगीचा, मेथी-वांग्याच्या जुड्या-टोपल्या घेऊन कारंज्याचा बाजार, दुपारी कोणाची तरी मोटर बांधून दे, आणि चार वाजता तू त्या खुर्चीत. आई त्या हेडसेटला, घोड्याच्या तोंडाला बांधतात तसा, तोबरा म्हणायची. "तोबरा काढ अन् जेव." धनजच्या कांताकाकू फॉल लावायला आल्या, दारातच थांबल्या. तू डोळे झाकून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढत होतास. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, याले कोनाची बाधा झाली?" तू आतून म्हणालास, "काकू, चंद्राच्या मांगं हाव मी, जरा थांबा." काकूंनी साडी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

ते हवेतलं ओढणं तुला कधीच पटलं नाही. खेळातला हात बटणाला लागायचा, बटण दबायचं, दिवा लागायचा, पण बोटाला काहीच लागायचं नाही. "हात लावला अन् हाताले काही लागलंच नाही, हे काय जिनं हाय?" म्हणून तू खरी बटणं बसवायला घेतलीस. खेळातल्या पाटीवर जिथं जे बटण दिसतं, बरोबर तिथंच खरं. त्यासाठी मी लागले. तू हेडसेट घालून बोट पुढे करायचास, खेळातल्या बटणावर टेकवायचास आणि तसाच थांबायचास. मी टेप लावून मोजायची: खुर्चीच्या पाठीपासून बोट किती, जमिनीपासून किती. बावीस वर्षं मी माणसांची मापं घेते आहे, हवेचं माप पहिल्यांदा घेतलं. "बोट हलवू नोको," मी ओरडायची. "लवकर कर, हात भरून आला," तू ओरडायचास. तीन दुपारी गेल्या त्यात. मग प्लायवूड, ट्रॅक्टरचा जुना हाताचा अ‍ॅक्सिलेटर, भंगारातल्या जीपची सीट आणि डाव्या हाताशी, मुद्दाम, विहिरीवरच्या मोटरीचा जुना स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण. इंजिन सुरू करायला तुला तेच हवं होतं.

बटणं बसली तर नवीच अडचण. हेडसेट घातल्यावर खरी बटणं दिसणार कशी? सगळी सारखीच लागतात बोटाला. तेव्हा मी माझा चिंध्यांचा डबा काढला. चाकांच्या बटणावर मखमल, दिव्यांच्या बटणावर गोणपाट, हत्यारांच्या बटणावर उलटी लावलेली चमकीची टिकली, टोचेल अशी. तू बोट फिरवलंस आणि म्हणालास, "ताई, तू नागपूरच्या दुकानात असती तं ते बंद झालं नसतं." एवढं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "मखमल धुवायची नाही."

आणि हॉर्न. हॉर्नवरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तू जहाजाला हॉर्न बसवलास. मी बारावी सायन्स, मी सोडणार होय? "वर हवा नाही. आवाज जायले हवा लागते." तू म्हणालास, "आवाज जायले ऐकनारा लागते." हे काही उत्तर नाही, गजू. तेव्हाही नव्हतं, आताही नाही. विज्ञानात ते चालत नाही. पण एकोणीस दिवस मी तेच वाक्य चघळते आहे.

तू मला सारखा बस म्हणायचास आणि मी बसले नाही, यातलं खरं कारण मी तुला सांगितलं नाही. गरगरतं म्हटलं, गिऱ्हाईक येईल म्हटलं, केसांना तेल आहे म्हटलं. खरं कारण असं की सासरी एकदा मला धान्याच्या कोठीत कोंडलं होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. खिडकी नव्हती. तेव्हापासून डोळ्यांवर काही आलं की माझा श्वास अडकतो. डोक्यावरून पोलकं काढतानासुद्धा मी डोळे मिटून आकडे मोजते. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी बस म्हटलं नसतंस, हे मला माहीत होतं. पण मग कोठीचं सगळं सांगावं लागलं असतं आणि तू मोटारसायकल काढून त्यांच्या गावाला गेला असतास. म्हणून नाही सांगितलं. आता सांगितलं.

त्या शेवटच्या संध्याकाळी तू फारच मागे लागलास. माझ्या हातात उद्या द्यायचे तीन ब्लाउज होते. मी वैतागून म्हटलं, "तुह्या घामट खुर्चीत मी नाही बसत. माह्यी खुर्ची वेगळी असन तं बसन." तुझं तोंड बंद करायला म्हटलं रे. शेजारी दुसरी खुर्ची लावायला जागा कुठं होती? माझं टेबल होतं तिथं.

तुझं तोंड बंद झालं खरं. तू उठलास, माझं कापायचं टेबल तीन फूट सरकवलंस, माझ्या गळ्यातला टेप काढलास आणि म्हणालास, "ताठ बस." मला हसू आलं. तुझी खुर्ची शिवली तेव्हा मी तुझंही असंच बसून माप घेतलं होतं, पाठीची गादी बरोबर डोक्याशी यावी म्हणून. उभ्या माणसांच्या मापांनी भरलेल्या वहीत ते एकच बसलेलं माप. तू त्याच पानावर, माझ्या अक्षराखाली, तुझ्या त्या कोंबड्याच्या पायांच्या अक्षरात लिहिलंस. मी पाहिलंही नाही काय लिहिलंस ते. मला ब्लाउज संपवायचे होते.

दुसऱ्या दिवशी तू आपल्याकडच्या मालेगावला गेलास. भंगारवाल्याकडे जीपची दुसरी सीट आली होती. येताना रस्त्यावर जे झालं ते मला लिहायचं नाही. संध्याकाळी लोकांनी तुला आणलं त्याच्या आधी ती सीट घरी आली होती, एका टेम्पोत, पोत्यात बांधलेली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ओट्यावर ठेवून ते पोरगं मला विचारत होतं, "बाई, कुठं ठिवू?"

माझी खुर्ची वेगळी असेल तर बसेन. असं मी म्हटलं होतं. हे आईला माहीत नाही, मामाला माहीत नाही. तुला आणि मला.

तर आज. लाईन आली, तू "चाल, बस" म्हणालास, आई तिथंच खाली बसलेली. मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. तो हेडसेट खिळ्याला टांगलेला आहे ना, पंख्याच्या वाऱ्याने तो जरासा हलतो. आणि तो हलला की पडद्यावरचं जहाजाच्या आतलं चित्रही हलतं: जरा डावीकडे, जरा उजवीकडे, कोणी मान वळवून पाहावं तसं. डोकं बाहेर निघालं की हेडसेटला झोपवणारा एक बारीक डोळा असतो त्याच्यात. तो तूच माझ्याकडून काळ्या कापडाची टिकली घेऊन झाकला होतास, सारखं बंद पडतं म्हणून. हे सगळं मला माहीत आहे. पंखा, खिळा, टिकली. तरी पडदा डावीकडे वळला, म्हणजे माझ्या मशीनकडे, आणि थांबला, तेव्हा मी पदर सावरला. दहा मिनिटांनी तू पुन्हा म्हणालास.

उद्या मामा येणार, मग कोणी म्हणणारही नाही. मी हुक ठेवले आणि उठले.

"कुठं चालली?" आई म्हणाली.

"बसतेच एकदा."

आई म्हणाली, "पाय धू." का ते तिलाही माहीत नसेल. मी धुतले.

तुझ्या खुर्चीत बसले. डोळे मिटले, हेडसेट घातला, आकडे मोजले. आतल्या गादीला मी शिवलेलं कापड आहे, त्याला अजून तुझा वास आहे, घाम आणि मेथी. सतरापर्यंत मोजलं आणि डोळे उघडले. गजू, तिथं अंधार नव्हता. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते तो आत नव्हताच. इतकं उघडं मी कधी पाहिलं नाही, वर, खाली, पाठीमागे. बगीच्यातून दिसतं तेसुद्धा त्याच्यापुढे काही नाही. मी श्वास घेतला. सांगायला तू नव्हतास म्हणून जोरात घेतला.

मग कळलं की मी फार खाली आहे. पाटी माझ्या हनुवटीशी. ती सगळी जागा तुझ्या उंचीला धरून ठेवलेली, तुझे डोळे माझ्या टाळूच्या वर. खाली पाहिलं तर तुझा तो वांगी रंगाचा अंतराळातला पोशाख, बाह्या, हातमोजे, दांडा धरलेले हात. खेळात वैमानिकाला धड असतं, डोकं नसतं, कारण डोकं ज्याचं त्यानं आणायचं. आणि मी होते त्या पोशाखाच्या गळ्यात. अक्षरशः गळपट्टीच्या आत, जिथं मी माणसांना बोट घालून विचारते, आवळतं का. माझ्या डोक्यावर तुझी जागा होती आणि ती रिकामी होती. मी वर पाहिलं.

तू पुन्हा म्हणालास, "चाल, बस." मी हात डावीकडे नेला, स्टार्टर लागला, हिरवं बटण लागलं, आणि मी ते दाबलं आणि दाबून धरलं.

मोटरीचं हिरवं बटण दाबून धरायचं असतं. मोटर घुमेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर बंद पडते. लहानपणी बाबांनी दोघांना तेच शिकवलं. हात आपोआप धरतो. आणि तू मला शंभरदा सांगितलं होतंस, हसत आणि ओरडून, "ताई, हे मोटर नाही वं! टिचकी मारली की इंजिन. दाबून धरलं की ते बसनाऱ्याचं नवं माप घेते अन् जुनं पुसते." मी म्हणायची, बरं बरं, मी कुठं बसणार आहे.

सगळं सरसर खाली आलं. पाटी हनुवटीवरून छातीशी आली, काच डोळ्यांसमोर आली, तो पोशाख माझ्या खांद्याखाली गेला. सगळं मला बरोबर बसलं. तुझी जागा गेली.

मी हेडसेट काढला. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "त्याचं माप पुसलं." तुझे कपडे आम्ही तेराव्याला दिले, तेव्हा मी रडले नव्हते. चपला दिल्या. त्या दिवशीसुद्धा जे रडले नाही ते आज त्या खुर्चीत रडले. कारण कपड्याला तुझं माप होतं ते मीच दिलेलं होतं. हे माप तू स्वतः बसून दिलं होतंस. जगात तेवढी एकच जागा तुझ्या उंचीची उरली होती आणि ती मी अंगठ्याने पुसली. आई उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला काय कळलं असेल ते असो, ती म्हणाली, "वही पाह्य ना. तुह्या वहीत सगळ्याइची मापं असतेत."

वही काढली. पान काढलं. माझ्या अक्षरात: गजू, बसून, ३५. त्याच्या खाली तुझ्या अक्षरात: ताई, बसून, ३०. हात २३.

पाच इंच. गजू, मी बावीस वर्षं शिवते. पाच इंच मला येतात.

ब्लाउजच्या अस्तराचा ताका काढला, घड्या घातल्या, त्यावर आईची अंथरायची चौघडी, टेपने मोजलं, दाबल्यावर किती बसतं तेही मोजलं. साडेचार इंच झालं, अजून एक घडी. मग त्या गठ्ठ्यावर चढून बसले. पाय जमिनीला टेकेनात. हेडसेट घातला. आता आकडे मोजावे लागले नाहीत. मी तुझ्या उंचीवर होते. म्हटलं, आता दाबून धरते. तर बाहेरून आई म्हणाली, "अशी नाही."

"काय अशी नाही?"

"तो असा ताठ नाही बसे. डावीकडं कलून बसे. एक कान उघडा ठेवे. तुह्या मशिनीकडं."

मला हे माहीत नव्हतं. माझी पाठ असायची ना तुझ्याकडे. मी बडबड करत शिवायची, गिऱ्हाइकांच्या चुगल्या, सिनेमाच्या गोष्टी, आणि मला वाटायचं हा चंद्रामागे आहे, याला काय ऐकू येतं. पण हॉर्नवर तू बरोबर उत्तर द्यायचास. मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी डावीकडे कलले. आई म्हणाली, "अजून. हां. बस, असाच." असाच म्हणाली ती. मी हिरवं बटण दाबलं आणि धरलं, मोटरीचं धरतात तसं, घुमेपर्यंत. जहाज वर उचललं गेलं आणि तुझ्या जागी जाऊन बसलं.

मग मी उतरले. पोतं सोडलं, तुझ्यानंतर पहिल्यांदा. आईने एक बाजू धरली, मी एक, आणि ती सीट तुझ्या खुर्चीच्या डावीकडे ठेवली, जिथून तू माझं टेबल सरकवलं होतंस तिथं. तीन फूट जागा, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. त्या सीटवर बसले आणि हेडसेट घातला.

तुझ्या जहाजात शेजारची सीट आहे हे मला ठाऊक होतं. पण आपण खोलीत जितकं सरकू तितकं तिथंही सरकतो, हे मला आज कळलं. मी शेजारच्या सीटवर होते. समोर काच, समोर ते सगळं. मी उजवीकडे पाहिलं. तू बसला होतास. वांगी रंगाचा पोशाख, हात दांड्यावर, गळ्याच्या वर काही नाही. डोक्याची रिकामी जागा माझ्या टाळूपासून पाच इंच वर, आणि मला वाटलं, जरा इकडे कललेली.

मी भ्याले नाही. म्हणजे भ्याले, पण उठले नाही.

मामाला काय सांगू, ते मला अजून माहीत नाही. आई म्हणते, तो आला की मी ओट्यावर बसते, त्याला आत कोण सोडते. पाहू.

तेवढ्यात तू म्हणालास, "चाल, बस."

मी म्हटलं, "बसली रे."

हात उजवीकडे नेला. तेवीस इंच. स्टार्टर बरोबर बोटाखाली आला, न ताणता. हिरव्या बटणाला टिचकी मारली आणि लगेच सोडली. आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तू दुसरं काही बोललास.

"आता कसं!"